मौजे भांबुर्डे

पुण्याच्या शिवाजीनगर भागातील एखाद्या जुन्या मिळकतीचे खरेदीखत उघडून पाहिले, तर त्याच्या आरंभी एक ठरावीक वाक्य आढळते. तुकडी जिल्हा पुणे, पोटतुकडी तालुका हवेली, पैकी मौजे भांबुर्डे येथील अमुक क्रमांकाचा अंतिम भूखंड, अशा पूर्वापार थाटाने ते सुरू होते आणि मग पूर्वेस रस्ता, दक्षिणेस लगतची मिळकत, या क्रमाने त्या भूखंडाच्या चतुःसीमा सांगितल्या जातात. ज्या गृहस्थाच्या नावावर ती मिळकत असते त्याने भांबुर्डे हा शब्द उभ्या आयुष्यात क्वचितच उच्चारलेला असतो. त्याच्या पत्त्यात आणि त्याच्या मुलांच्या शाळेच्या दाखल्यात शिवाजीनगर हेच नाव असते. परंतु जमीन एका हातातून दुसऱ्या हातात जाण्याचा प्रसंग आला, की सरकारी दप्तर जुनी ओळख काढते. एका नातलगाचा असा दस्त वाचला जात असताना मी ते नाव प्रथम ऐकले, आणि हे गाव कोठे आहे असे भाबडेपणाने विचारले, तेव्हा आपण बसलो आहोत तेच, असे उत्तर मिळाले. त्या उत्तराने लागलेला शोधाचा नाद अद्याप सुटलेला नाही.

शहराने गाव गिळले, असे आपण सहज म्हणून जातो. त्या म्हणण्यात शहर हे चालते, वाढते आणि गाव हे जागच्या जागी पडून राहिलेले, असे चित्र गृहीत असते. भांबुर्ड्याच्या बाबतीत ते चित्र मला अपुरे वाटते. पुण्याची महानगरपालिका, त्याची नामांकित महाविद्यालये, त्याचे न्यायालय, त्याची वेधशाळा, त्याचे आकाशवाणी केंद्र, त्याचे बालगंधर्व रंगमंदिर, ही सारी ज्या भूमीवर उभी आहेत ती कसबे पुण्याची नव्हे. ती नदीपलीकडच्या या लहानशा मौज्याची अथवा त्याच्या शिवेलगतची आहे. ज्या गोष्टींमुळे आधुनिक पुणे पुणे म्हणून ओळखले जाते, त्यांतील कितीतरी गोष्टी पुण्याला स्वतःच्या गजबजलेल्या पेठांत करता आल्या नाहीत. त्यांसाठी त्याला मुठा ओलांडून भांबुर्ड्याच्या माळावर यावे लागले.

या गावाची भूमी समजून घेतल्यावाचून त्याचा इतिहास उलगडत नाही. मुठा नदी नैर्ऋत्येकडून येते आणि ईशान्येकडे वाहत जाऊन संगमावर मुळेला मिळते. तिच्या उजव्या तीरावर कसबा, शनिवार, नारायण या पेठा, आणि डाव्या तीरावर, कसब्याच्या जवळजवळ समोर, भांबुर्डे. नदीकाठी गाळाची काळी जमीन, तिच्यामागे हळूहळू चढत जाणारे मुरमाड बरड, आणि त्याही मागे काळ्या कातळाच्या टेकड्यांची रांग, असा या शिवाराचा तीन पायऱ्यांचा उतार होता. दक्षिणेस एरंडवणे, उत्तरेस गणेशखिंड आणि खडकीकडील माळ, पूर्वेस नदी: या चौकटीत हे गाव वसले होते. पुण्याचा पाऊस वर्षाकाठी सरासरी ७० सेंटिमीटरांच्या आसपास. सह्याद्री जवळ असूनही हा प्रदेश त्याच्या पर्जन्यछायेत पडतो. तेव्हा काठच्या मळईवर भाजीपाला आणि वरच्या बरडावर बाजरीसारखी कोरडवाहू पिके, अशीच येथील शेती असणे स्वाभाविक होते. नदीकाठची जमीन थोडी आणि मोलाची, वरची विपुल आणि हलकी. ही विपुल, हलकी जमीनच पुढे गावाचे भवितव्य ठरविणार होती.

या भूमीवरील मानवी हाताची सर्वांत जुनी ठळक खूण म्हणजे पाताळेश्वराचे लेणे. आज जंगली महाराज रस्त्यावरून जाताना ते चटकन दृष्टीस पडत नाही, कारण ते डोंगराच्या कड्यात नसून सपाट जमिनीखालच्या खडकात कोरलेले आहे. पायऱ्या उतरून खाली जावे, तेव्हा एक अंगण लागते आणि त्या अंगणात नंदीचा वर्तुळाकार मंडप, अखंड पाषाणातून कोरलेला, जाड चौरस खांबांवर आपले छत्र तोलून उभा असलेला दिसतो. राष्ट्रकूटांच्या काळातील, म्हणजे इसवी सनाच्या आठव्या शतकातील, ही निर्मिती मानली जाते. ज्या शतकातील ताम्रपटांत, ७५८ आणि ७६८ या सालांच्या, पुण्याच्या परिसराचा निर्देश पुण्यविषय आणि पूनकविषय असा येतो, त्याच शतकात कोणी शिल्पी या माळावर छिन्नी घेऊन बसले होते. लेणे पुरे झाले नाही. आतील खांब आणि भिंती अपुऱ्या घडणीच्या आहेत, मूर्तिकाम जवळजवळ नाहीच. मला मात्र त्या अपुरेपणातच त्या कारागिरांची जवळीक वाटते; घाव कोठे थांबला ते तेथे हाताने चाचपून पाहता येते. शनिवारवाड्याचा पाया १७३० साली घातला गेला. त्या वेळी पाताळेश्वर सुमारे हजार वर्षांचे झाले होते. वयाचाच मान धरायचा झाला, तर नदीच्या या तीरावरील पाषाणाला तो आधी द्यावा लागेल.

मराठेशाहीत भांबुर्डे हे दख्खनच्या इतर गावांसारखेच एक गाव होते. त्याची पाटीलकी शिरोळे घराण्याकडे. त्याच्या हिशेबाला कुलकर्णी. आणि सुतार, लोहार, चांभार, कुंभार, न्हावी, परीट, महार अशी बलुत्यावर चालणारी रचना. ग्रामदैवत रोकडोबा. या व्यवस्थेत महाराचे स्थान जातीने खालचे ठरविले गेले, त्याच्या वाट्याला राबणूक आणि अवहेलना आली, हे सत्य लपविण्याचे कारण नाही. आणि तरीही गावाच्या शिवेचा तंटा उपस्थित झाला म्हणजे हद्द कोठून कोठे जाते हे सांगण्याचा अधिकार त्याचाच मानला जाई. नकाशा नव्हता, तेव्हा गावाचा नकाशा त्याच्या पायांत आणि स्मरणात होता. ज्याच्या मालकीची त्या शिवेआतील जमीन जवळजवळ नसे, त्याच्याच साक्षीवर ती कोणाची हे ठरत असे.

पेशवाईत पुणे राजधानी झाले आणि नदीपलीकडच्या या गावाला शेजार लाभला तो हिंदुस्थानच्या राजकारणाचा. शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा उत्तराभिमुख. त्या दिशेला नदी, आणि नदीपार भांबुर्डे. पात्रातून पायउताराने लोक ये-जा करीत. पावसाळ्यात ही ये-जा बंद पडे. १७६१ साली, पानिपताच्या वर्षी, नानासाहेब पेशव्यांच्या काळात वरच्या अंगाला लाकडी पूल बांधला गेला, असे परंपरा सांगते. तो पुढे दगडी झाला, त्याला संभाजी पूल हे नाव मिळाले, परंतु लोकांच्या जिभेवर तो लकडी पूलच राहिला. पुण्यातील एका पुलाच्या नावात नाहीसे झालेले लाकूड टिकून राहावे आणि एका गावाचे नाव मात्र गाव जागेवर असतानाच पुसले जावे, हा लोकव्यवहाराचा न्याय मला आजवर नीटसा उमगलेला नाही.

पेशवाईचा शेवटही याच बाजूला घडला. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी बापू गोखल्यांच्या नेतृत्वाखाली मराठी फौज गणेशखिंडीच्या माळावर उतरली. संगमावरील रेसिडेन्सी सोडून इंग्रज रेसिडेंट एल्फिन्स्टन खडकीला निघून गेला आणि रेसिडेन्सी आगीच्या भक्ष्यस्थानी पडली. मोर दीक्षित रणात पडले. दुसरा बाजीराव पर्वतीवरून ते युद्ध पाहत होता. त्याच महिन्याच्या १७ तारखेला शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. एवढी मोठी सत्ता एका दिवसाच्या लढाईने हलली. परंतु जमिनीचा सारा देणाऱ्या रयतेच्या दृष्टीने खरी क्रांती आली ती काही वर्षांनंतर, मोजणीच्या साखळीबरोबर. पुणे जिल्ह्यात इंदापुराकडून १८३० नंतरच्या दशकात सुरू झालेल्या नव्या जमाबंदीने प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर दिला, हद्दीवर दगड रोवले आणि पूर्वी गावाने मिळून सोसलेला सरकारी सारा एकेका खातेदाराच्या नावावर स्वतंत्र लिहिला. शेत आता गावाचा अवयव न राहता एक क्रमांक झाले. आणि क्रमांक झालेली वस्तू विकणे, गहाण टाकणे, संपादन करणे फार सोपे असते. गाव शहरात विरघळण्याचा आरंभ मी तेथून मानतो, पहिली इमारत उभी राहिली तेथून नव्हे.

इमारतीही लवकरच आल्या. १८५८ साली खंडाळा ते पुणे लोहमार्ग सुरू झाला आणि त्याचे रूळ या शिवारातून गेले. १८६० नंतरच्या दशकात संगमाजवळ अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी भव्य दगडी वास्तू उभारली गेली. १८६४ साली गणेशखिंडीत गव्हर्नरसाहेबांच्या निवासाचे काम सुरू होऊन १८७१ मध्ये ते पुरे झाले. त्याच वास्तूत १९४९ पासून पुणे विद्यापीठ नांदू लागले. या निवासाने भांबुर्ड्याला एक राजरस्ता दिला. शहरातून गव्हर्नरकडे जाणारी प्रत्येक स्वारी गणेशखिंडीच्या रस्त्याने जाऊ लागली, आणि त्याच रस्त्यावर २२ जून १८९७ च्या रात्री, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाचा समारंभ आटोपून परतणाऱ्या प्लेग अधिकारी रँडवर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. प्लेगच्या साथीतील घरझडत्यांनी गांजलेल्या शहराचा तो संताप होता, आणि त्याला वाट मिळाली ती नदीपलीकडच्या अंधाऱ्या माळावर.

खडकवासल्याचे धरण एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या-आठव्या दशकांत झाले आणि त्याचा डावा कालवा टेकड्यांच्या पायथ्याने खडकीच्या दिशेला काढण्यात आला. कोरड्या बरडाजवळून पाणी वाहू लागले. पण या हलक्या जमिनीचे मोल पिकाने वाढायचे नव्हते, विद्येने वाढायचे होते. डेक्कन एज्युकेशन सोसायटीने १८८५ साली स्थापिलेले फर्ग्युसन महाविद्यालय शहरातील वाड्यात मावेना, तेव्हा भांबुर्ड्याच्या टेकडीखालील विस्तीर्ण जमीन शिरोळे घराण्याकडून भाडेपट्ट्याने घेण्यात आली आणि १८९५ मध्ये तेथील मुख्य इमारत खुली झाली. त्या काळी पेठेतील विद्यार्थ्याला एवढ्या दूर रानात पाठवायचे म्हणजे काय, ही शंका अनेक पालकांना आली असेल. मागच्या टेकडीवर १९०५ साली गोपाळ कृष्ण गोखल्यांनी भारत सेवक समाजाची प्रतिज्ञा घेतली. पुढे शेतकी महाविद्यालय आले. १९२८ साली हवामान खात्याचे मुख्य कार्यालय सिमल्याहून येथे हलले आणि ज्या चौकात ते उभे राहिले तो सिमला ऑफिसचा चौक झाला. आजही वर्तमानपत्रात पुण्याचे तापमान म्हणून जो आकडा छापतात, तो शिवाजीनगरचा, म्हणजे भांबुर्ड्याच्या मातीवर मोजलेला असतो. या मातीवर पडलेला थेंबन्‌थेंब मोजून लिहून ठेवला जातो, असे भाग्य मृगाकडे डोळे लावून बसणाऱ्या येथल्या जुन्या कुणब्याने कल्पिलेही नसेल.

संस्थांच्या मागोमाग माणसे आली. प्लेगच्या वर्षांत पुणेकरांनी गावाबाहेर झोपड्या बांधून राहण्याची सवय लावून घेतली होती. मोकळ्या हवेची चटक लागली होती. आणि मध्यमवर्गाला आता अंगण असलेला बंगला हवा होता. १९२३ साली शनिवारवाड्याच्या बाजूने भांबुर्ड्याला थेट जोडणारा दगडी पूल, लॉइड ब्रिज, पुरा झाला. तोच आजचा शिवाजी पूल, किंवा बोलण्यातला नवा पूल. अशा वेळी मुंबई सरकारच्या १९१५ च्या नगररचना कायद्याने एक नवीच युक्ती हाती दिली होती, आणि भांबुर्ड्याची योजना ही पुण्यातील पहिल्या क्रमांकाची नगररचना योजना ठरली. ती युक्ती समजावून घेण्यासारखी आहे. वाकडीतिकडी, वडिलोपार्जित वाटण्यांनी तुकडे झालेली शेते कागदावर एकत्र करायची; त्यांतून सरळ रस्ते काढायचे, उद्यानाला आणि शाळेला जागा राखायची; आणि उरलेली जमीन चौकोनी भूखंड पाडून मूळ मालकांना परत द्यायची, पूर्वीपेक्षा क्षेत्राने कमी परंतु किमतीने अधिक. अशा भूखंडाला अंतिम भूखंड म्हणतात. खरेदीखतातील तो शब्द मी प्रथम ऐकला तेव्हा त्यातील अंतिम या विशेषणाने मी दचकलो होतो. पण तो कायद्याचा शब्द आहे आणि अर्थाने अचूक आहे: बांध, पाणंद, विहिरीची पायवाट, वाटणीत भावाकडे गेलेले आंब्याचे झाड, यांनी ठरविलेला शेताचा आकार तेथे संपतो. ज्यांची शेते गेली त्यांपैकी काही घराणी त्या भूखंडांच्या बळावर संपन्न झाली. ज्यांच्याकडे जमीनच नव्हती, जे दुसऱ्याच्या मळ्यावर राबत होते, त्यांना या योजनेत परत देण्यासारखे काही नव्हते. नगररचनेचे गुणगान करताना हा हिशेब मांडला जात नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. टेकडीच्या पायथ्याची वडारवाडी दगडफोड्यांच्या कष्टांची आठवण नावात बाळगून आहे. काळ्या पाषाणाच्या ज्या वास्तूंचे आपण कौतुक करतो, त्यांचा दगड अशाच हातांनी फोडला.

नाव बदलले ते या घडामोडींच्या मध्यावर, आणि त्यामागील भावना उदात्त होती. शिवछत्रपतींचे भव्य स्मारक पुण्यात व्हावे असा ध्यास कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी घेतला. १९ नोव्हेंबर १९२१ रोजी इंग्लंडच्या युवराजाच्या हस्ते भांबुर्ड्याच्या भूमीवर त्या स्मारकाची कोनशिला बसविण्यात आली. शाहू महाराज दुसऱ्याच वर्षी निवर्तले. शिल्पकार विनायकराव करमरकर यांनी घडविलेला अश्वारूढ पुतळा १९२८ साली तेथे उभा राहिला, आणि त्या स्मारकामुळे या भागाला शिवाजीनगर म्हणू लागले. रेल्वेच्या भांबुर्डा स्थानकाचेही तेच नाव झाले. या नामांतराबद्दल तक्रार करण्याचे धैर्य कोणत्या मराठी माणसाला होईल? मलाही ते नाव प्रिय आहे. फक्त एवढेच मनात येते, की महाराजांनी स्वतः गावोगावच्या पाटील-रयतेला त्यांच्या गावाच्या नावानिशी पत्रे धाडली, कौल दिले. मौजे अमुक, तर्फ तमुक, हे शब्द त्यांच्या राज्यव्यवहाराचा श्वास होते. भांबुर्डे हे नाव त्यांच्या नावाशेजारी कोठेतरी राहिले असते, तर ते त्यांना परके वाटले नसते.

१५ फेब्रुवारी १९५० रोजी पुणे महानगरपालिका अस्तित्वात आली. जुन्या ग्रामव्यवस्थेचे धागेही त्याच सुमारास एकेक करून तुटले: १९५० च्या कायद्याने कुलकर्णी वतने गेली, १९५८ च्या कायद्याने महारांची वतने आणि त्यांबरोबरची वेठ गेली, १९६२ च्या कायद्याने मुलकी पाटीलकी गेली. यांतील महार वतनाचा अंत हा तर निखळ मुक्तीचा क्षण होता. दरम्यान, १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि मुठेने दोन्ही तीरांवरची वस्ती एका दिवसात धुऊन नेली. त्या पुराने निर्वासित झालेल्या पेठकरांसाठी ज्या वसाहती झाल्या, त्यांपैकी गोखलेनगर भांबुर्ड्याच्या बाजूच्या टेकडीच्या उतारावर वसले. बरडाचा उरलासुरला भागही अशा रीतीने शहराच्या संकटाला आसरा देण्याच्या कामी आला.

आता तेथे काय उरले आहे? रोकडोबाचे मंदिर आहे. एकोणिसाव्या शतकात जंगली महाराज पुण्यात आले तेव्हा त्यांचा मुक्काम या मंदिरात असे, आणि १८९० साली त्यांनी देह ठेवल्यावर त्यांची समाधी पाताळेश्वराच्या शेजारी झाली. नदीकाठी वृद्धेश्वर-सिद्धेश्वर आहे. शिवाजीनगर गावठाण या नावाने ओळखली जाणारी अरुंद बोळांची वस्ती आहे, आणि गावठाण हा शब्दच साक्ष देतो की येथे गाव होते. टेकडीवरील राखीव रानाला भांबुर्डा वनविहार म्हणतात. पहाटे फिरायला जाणाऱ्यांच्या तोंडी ते नाव रोज येते. आणि अलीकडे मेट्रोसाठी या भूमीच्या कातळात खोल भुयार खोदले गेले. एसटीचे स्थानक त्या कामापायी वाकडेवाडीला हलले, आणि लोक पायऱ्या उतरून जमिनीखालच्या दालनात जाऊ लागले. मी प्रथम तेथे उतरलो तेव्हा मला पाताळेश्वराच्या अंगणाची आठवण झाली. खडक तोच होता.

आणखी एक गोष्ट उरली आहे, ती बोलण्यातली. फर्ग्युसन रस्त्यावर किंवा मॉडेल कॉलनीत राहणारे पुणेकर लक्ष्मी रस्त्यावर खरेदीला, मंडईत भाजीला किंवा कसब्याच्या गणपतीला निघाले, की पायात चपला सरकवताना घरात सांगतात, गावात जाऊन येतो. गाव म्हणजे नदीपलीकडच्या पेठा. भांबुर्ड्याच्या शिवारात पिढ्यान्‌पिढ्या राहून, त्या गावाचे नावही न जाणता, ते लकडी पुलावरून निघतात आणि पुण्यालाच गाव म्हणतात. मीही म्हणतो.